घरचें पोतें आणि बाजारचा भाव

आमच्या घरीं कांदेनवमी थाटानें होते, आणि पुढें कार्तिकी एकादशीपर्यंत वडील मंडळींच्या पानांत कांदा नसतो. पलांडु शास्त्रानें निषिद्ध खरा. पण आमचा निषेध चार महिन्यांपुरताच, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. इ. स. २०१९ सालीं मात्र चातुर्मास संपला आणि नेमका तेव्हांच कांदा महागला.

उन्हाळी कांदा चाळींत साठवून दिवाळीपर्यंत पुरवावयाचा व मग खरिपाचा नवा यावयाचा, हा नेहमींचा क्रम. त्या वर्षीं जुना सरत आला आणि लांबलेल्या पावसानें बराचसा नवा शेतांतच कुजला. सरकारनें २९ सप्टेंबरलाच निर्यात बंद करून किरकोळ व्यापाऱ्यास १०० व घाऊक व्यापाऱ्यास ५०० क्विंटल साठ्याची मर्यादा घातली होती. तरीहि डिसेंबरांत कित्येक शहरीं किलोचा भाव शंभर रुपयांवर गेला.

"उद्यां आणखी चढेल," असें धाकटे बंधु म्हणाले, आणि आम्हीं पोतें आणविलें. तें पाहून दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांच्या दारींहि पोतें उतरलें. महिन्याभरांत आमच्या कांद्यांस मोड आले, निम्मे सडले, आणि तोंवर भावहि उतरूं लागला. आमच्या कुटुंबानें एवढेंच विचारलें, "मर्यादा दुकानदाराला, घराला ती कोणीं घालावयाची?"

प्रश्न मार्मिक होता. माल मुबलक असतां विक्रेत्यांत चढाओढ लागते व लाभ गिऱ्हाइकाचा होतो. माल अपुरा पडला कीं तीच चढाओढ गिऱ्हाइकांत लागते, आणि तींत जड थैलीचा जिंकतो. एका पोत्यानें भाव चढत नाहीं. पोत्यामागून पोतें गेलें म्हणजे चढतो. आमच्याकडे भांडीं घासणाऱ्या बाई रोज पावशेर कांदा घेत; त्या महिन्यांत त्यांनीं तो घेतलाच नाहीं.

बरें, आदल्याच वर्षीं नोव्हेंबरांत निफाड तालुक्यांतील एका शेतकऱ्यास ७५० किलो कांद्याचे अवघे १०६४ रुपये मिळाले होते. तेव्हां स्वस्ताईनें आम्ही सुखावलों. त्याच्यासाठीं जादा पोतें घ्यावें असें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

टंचाईंत आठवड्याच्या गरजेपेक्षां अधिक घ्यावयाचें नाहीं, असा नियम तेव्हांपासून आमच्या घरीं आहे. इ. स. २०२३ च्या अखेरीस भाव पुन्हां चढला, तेव्हां तो पाळला. कांदा कमी खाल्ला, इतकेंच. आमच्या वाचक कुटुंबांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा.