घारीचे घरटे आणि आमचा कॅमेरा

रविवारी फजरनंतर मुलाला घेऊन जवळच्या बागेत गेलो. त्याला घारीचा फोटो हवा होता. शेपटीच्या खाचेवरून त्याने ती लगेच ओळखली. उंच झाडावर काटक्यांचे घरटे दिसताच तो बुंध्याकडे धावला, तोच घार झेपावली आणि त्याच्या डोक्यावरून निघून गेली.

"अब्बा, किती चिडकी आहे ही!"

"चिडकी नाही बेटा, पिलांना जपतेय."

मग त्याला अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीस सांगितली. प्रवासात सहाबांनी एका पाखराची दोन पिले उचलली. पाखरू कासावीस होऊन फडफडू लागले. प्रेषितांनी (स.) ते पाहिले आणि पिले परत करायला सांगितली.

आम्ही मागे सरकून लांबच्या बाकावर बसलो. ऊन पाठीशी घेतले, शटर 1/1000 सेकंदावर ठेवले, फोकस डोळ्यावर धरला. थोड्या वेळाने घार निवांत झाली आणि फोटो मिळाला.

फोटोसाठी मांसाचे तुकडे फेकू नयेत, फांद्या हलवू नयेत, फ्लॅश मारू नये. घरट्याची जागा व्हॉट्सॲपवर टाकू नये. सूरह मुल्कमध्ये (67:19) पंख पसरत-मिटत उडणाऱ्या पक्ष्यांकडे आपले लक्ष वेधले आहे. ते पाहताना त्यांना त्रास होऊ नये, एवढी काळजी आपण घ्यायची.

घरी नानी म्हणाली, "घार फारच लहान दिसते रे."

तो म्हणाला, "नानी, तिची पिले होती ना. लांबूनच काढला."