आधी लेबल वाचा, मग कार्ड घ्या

गेल्या महिन्यात सांगलीहून आपांचा फोन आला. "भिशी लागलीय. पोरीला कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड घालायचंय. दुकानदार म्हणतो, आजच बसवून देतो. घेऊ का?"

मी साताऱ्याहून म्हणालो, "आपा, थांबा. अजून पैसे देऊ नका. रविवारी मी येतोच."

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आपांच्या घरातला पहिला कॉम्प्युटर पुरात गेला. त्यानंतर घेतला तो एका ऑफिसातून निघालेला, सेकंडहँड. भाची त्यावर लग्नाचे व्हिडिओ एडिट करते आणि ब्लेंडर शिकते. तिची कमाई घरखर्चात धरलेली असते. तो डबा बंद पडला तर नुसती पोरीची हौस बुडणार नव्हती.

रविवारी झाकण उघडलं. दुकानदारानं सुचवलं होतं जुनं जीटीएक्स 1060. कार्ड चांगलं, पण ते 120 वॅट खातं आणि त्याला एसएमपीएसमधून 6 पिनची वेगळी वायर लागते. आमच्या डब्यात ती वायरच नव्हती. "हार्ड डिस्कच्या साटा प्लगला जोडवायर लावू, चालतंय," असं दुकानदाराचं म्हणणं.

इथेच थांबायला हवं. साटा प्लग 12 व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे 54 वॅट पेलतो. 6 पिनच्या वायरीतून कार्ड 75 वॅटपर्यंत ओढू शकतं. व्हिडिओ एक्स्पोर्ट होताना तास-तास हा भार राहिला तर प्लग तापतो, वितळतो, कधी पेटतोही.

"मग मामू, मोठा एसएमपीएस बसवू या," भाची म्हणाली. ऑफिसच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये तेही सोपं नसतं. त्यांच्या एसएमपीएसचा आकार वेगळा आणि मदरबोर्डला जाणारा प्लगही बहुधा कंपनीचा स्वतःचा. बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही.

म्हणून आम्ही लेबल वाचलं. वर ठळक 240 वॅट लिहिलं होतं. पण कामाची ओळ 12 व्होल्टची, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही तिच्यावरच चालतात. तिथे होतं 18 अँपिअर. 12 गुणिले 18 म्हणजे 216 वॅट. त्यातून प्रोसेसरचे 65 गेले. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखा मिळून 40 धरले. उरले साधारण 110. जुना एसएमपीएस पूर्ण ताकद देईलच असं नाही, म्हणून थोडी जागा मोकळी सोडायची. म्हणजे आपली हद्द 75 वॅटची.

ही हद्द सोयीचीही आहे. कार्ड मदरबोर्डच्या ज्या खाचेत बसतं, ती खाच नियमानुसार 75 वॅटपर्यंत वीज देते. त्याच्या आतलं कार्ड घेतलं तर वेगळ्या वायरीची गरजच नाही. मात्र काही छोट्या मशिनमध्ये कंपनीनं ही मर्यादा आणखी कमी ठेवलेली असते, म्हणून मॉडेल नंबरवरून मॅन्युअल आधी पाहावं.

मग यादी केली. जीटी 1030 फक्त 30 वॅटचं, पण व्हिडिओ एक्स्पोर्टला त्याची मदत नाही. आरएक्स 6400 हे 53 वॅटचं, तेही एक्स्पोर्टच्या कामाचं नाही, आणि जुन्या मदरबोर्डवर मंद पडतं. जीटीएक्स 1650 हे 75 वॅटचं, पण त्याच्या काही मॉडेलना 6 पिनची वायर लागतेच. उरलं आरटीएक्स 3050, 6 जीबीचं. ते 70 वॅटचं, 2024 मध्ये आलेलं, एडिटिंग आणि ब्लेंडर दोन्हीला उपयोगी. इथे एक सावधगिरी घ्यायची: याच नावाचं 8 जीबीचं कार्ड 130 वॅटचं आहे. दुकानात "3050 द्या" एवढंच म्हटलं तर चुकीचा खोका हातात पडू शकतो.

उंचीही मोजली. आमचं कॅबिनेट बारीक, त्यामुळे कमी उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल कार्डच हवं होतं. मागची छोटी पट्टी खोक्यात आहे ना, हेही पाहिलं. कार्ड दोन खाचांची जागा घेतं, म्हणून शेजारची खाच रिकामी आहे याची खात्री केली. खरेदी पक्क्या बिलावर आणि वॉरंटीसह केली.

भिशीतले थोडे पैसे उरले. त्यात रॅम 8 वरून 16 जीबी केली. घरच्या यूपीएसवर 600 व्हीए लिहिलंय. असा यूपीएस साधारण 360 वॅट देतो, त्यामुळे तो बदलावा लागला नाही.

संध्याकाळी भाचीनं मुद्दाम मोठा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला आणि आम्ही चहा घेत बसलो. जोर पडल्यावर कॉम्प्युटर अचानक बंद झाला किंवा आपोआप पुन्हा सुरू झाला, तर एसएमपीएस कमी पडतोय असं समजायचं आणि कार्ड परत करायचं, असं तिला सांगून ठेवलं होतं. तसं काही झालं नाही.

तुमच्या घरीही मुलं कार्ड मागत असतील, तर रागावू नका आणि घाईही करू नका. झाकण उघडायला सांगा, लेबलाचा फोटो काढायला सांगा आणि 12 व्होल्टच्या ओळीचा गुणाकार त्यांच्याकडूनच करून घ्या. दुकानात जायचं ते त्यानंतर.