मिसरोदकरांनी जायचे कसे?

भोपाळला मेट्रो मिळाली याचा आम्हांला आनंद आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. कारण पुढील मजकूर वाचून आम्ही प्रगतीचे वैरी आहोत असा ग्रह होण्याचा संभव आहे. २० डिसेंबर २०२५ रोजी सुभाषनगर ते एम्स या मार्गाचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सामान्य उतारूंसाठी गाडी धावू लागली. आठ स्थानके, सुमारे सात किलोमीटरचा उन्नत मार्ग, तीन डब्यांची वातानुकूलित गाडी. आमच्यातील अनेकांनी नातवंडांचे बोट धरून ती एकदा पाहून घेतली. प्रश्न आहे तो दुसऱ्या फेरीचा. मिसरोदच्या माणसाने त्या गाडीत दुसऱ्यांदा बसावे कशासाठी, आणि बसायचे ठरविले तर तिच्यापर्यंत पोहोचावे कसे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१८ मध्ये भोपाळसाठी दोन मार्गांना मंजुरी दिली. एक करोंद ते एम्स, दुसरा भदभदा ते रत्नागिरी तिराहा. एकूण लांबी २७.८७ किलोमीटर, खर्च ६,९४१.४० कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरमागे जवळजवळ अडीचशे कोटी. या दोहोंपैकी एकही मार्ग मिसरोदला शिवत नाही. दक्षिणेकडून शहरात येणारा माणूस एम्सपर्यंत स्वतःच्या सोयीने यावा, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. पण एम्सपर्यंत येण्यासाठी ज्याच्याजवळ स्वतःची गाडी आहे, तो तेथे ती उभी करून जिना कशाला चढेल? तो तसाच महाराणा प्रताप नगरापर्यंत जाईल. आणि ज्याच्याजवळ गाडी नाही, त्याने रिक्षाला दीडशे रुपये मोजून वीस-तीस रुपयांचे मेट्रोचे तिकीट काढावे, हा हिशेब आमच्या पिढीला शाळेत कोणी शिकविला नव्हता.

मिसरोदची आजवरची कथाही येथे सांगणे प्राप्त आहे. २०१३ साली याच मिसरोदपासून बैरागडपर्यंत सुमारे चोवीस किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग सुरू झाला होता. रस्त्याच्या मध्यभागी बससाठी राखीव मार्गिका, मध्येच उभारलेले थांबे, आणि शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच बसने जाण्याची सोय. आमच्यापैकी कित्येक घराणी १९५६ साली राजधानीबरोबर नागपूरहून येथे आली, काही ग्वाल्हेर-इंदूरहून आली. तात्या टोपे नगरच्या सरकारी निवासांत नोकरीची वर्षे काढली आणि निवृत्तीच्या सुमारास नर्मदापुरम रस्त्यावरच्या नव्या वसाहतींत घरे बांधली. भूखंड त्यातल्या त्यात स्वस्त होते हे एक कारण. दारातून बस मिळते हे दुसरे. काळे, धूर ओकणारे टेंपो आणि वाहकाच्या आरोळ्यांनी भरलेल्या मिनीबसा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या दुसऱ्या कारणाचे मोल कळेल.

डिसेंबर २०२३ मध्ये हा मार्ग काढून टाकण्याचा निर्णय झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये बैरागडच्या बाजूने तोडकाम सुरू झाले. तीनशे कोटींहून अधिक खर्चून बांधलेली वस्तू जेमतेम दहा वर्षांत मोडीत निघाली. मेट्रोची पहिली गाडी त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी धावली, आणि तीही आमच्या दिशेला नाही. नवे घर बांधून होण्यापूर्वीच जुन्याचे छप्पर उतरविणारा गृहस्थ व्यवहारशून्य ठरतो. शहराच्या बाबतीत त्याच कृतीला विकास कसे म्हणावे?

बीआरटीएस सदोष होता, हे आम्ही नाकारीत नाही. चौकाचौकांत राखीव मार्गिका खंडित होत होती, पादचाऱ्याला थांब्यापर्यंत पोहोचताना जीव मुठीत धरावा लागे, आणि बसेस पुरेशा नसल्याने मधली मार्गिका रिकामी तर दोन्ही बाजूंचे रस्ते तुंबलेले, असे दृश्य रोज दिसे. परंतु या तक्रारींत राखीव मार्गिकेचा दोष कोणता? बसेस कमी होत्या, त्या वाढवावयाच्या होत्या. चौक सदोष होते, ते सुधारावयाचे होते. विहिरीला पाणी कमी म्हणून कोणी विहीर बुजवीत नाही. अहमदाबादची जनमार्ग सेवा २००९ साली सुरू झाली. २०१९ मध्ये तेथे मेट्रोही आली. आज दोन्ही चालतात. उलट इंदूरमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये बीआरटीएस हटविण्याची घोषणा झाली. आपल्या राज्याने हा धडा दोनदा गिरविला, आणि दोन्ही वेळा चुकीचाच.

या चुकीच्या मुळाशी एक जुनी सवय आहे. २००५ साली मध्य प्रदेश राज्य परिवहन निगम बंद करण्यात आले. महाराष्ट्रातील आपले आप्त एसटीला कितीही नावे ठेवोत, त्यांच्या गावात लाल गाडी येते. आपल्याकडे सार्वजनिक बस हे शासनाचे कर्तव्य आहे ही कल्पनाच त्या वर्षी नोटशीटवरून पुसली गेली. तेव्हापासून वाहतूक म्हणजे सेवा नव्हे, बांधकाम, अशी समजूत रूढ झाली. बांधकामाचे भूमिपूजन होते, शिलालेख लागतो, फीत कापता येते. दर दहा मिनिटांनी येणाऱ्या बसचे उद्घाटन रोज कोण करणार? आम्ही स्वतः शासकीय सेवेत आयुष्य काढले असल्याने हे परक्यावर आरोप म्हणून लिहीत नाही. भांडवली खर्चाचा प्रस्ताव जितक्या सुखाने मंजूर होतो तितक्याच दुःखाने चालू खर्चाचा अडतो, हे आम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलेले आहे, आणि त्यावर सह्याही केलेल्या आहेत.

केंद्र शासनाचे २०१७ चे मेट्रो रेल धोरण या बाबतीत स्पष्ट आहे. मेट्रो मागण्यापूर्वी बीआरटीएस, हलकी रेल्वे, ट्राम इत्यादी पर्यायांची तुलना करावी, आणि स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या पाच किलोमीटर परिसरात पूरक बस, पायवाटा व सायकलमार्गांची हमी राज्यांनी द्यावी, असे त्यात म्हटले आहे. मिसरोद त्या पाच किलोमीटरांच्या आत येते की बाहेर, हे फूटपट्टीने ठरविण्यात अर्थ नाही. मार्ग जेथे संपतो त्याच्या पुढची वस्ती ही त्या मार्गाचीच वस्ती होय. तिला वगळून उतारू कोठून येणार? ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात ते यालाच.

भोपाळसाठी आरंभी ‘लाईट मेट्रो’चाच विचार होता, याचेही येथे स्मरण देतो. या ‘लाईट’ शब्दाचा अर्थ आपल्या घराण्यांना कोशात पाहावा लागू नये. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी आपल्या संस्थानात दोन फूट रुंदीच्या रुळांवर ग्वाल्हेर लाईट रेल्वे चालविली. तिचा श्योपूरकडे जाणारा मार्ग जवळपास दोनशे किलोमीटरचा होता आणि २०२० पर्यंत ती गाडी रखडत का होईना, पण चालत होती. तिच्यात डौल नव्हता, वेग तर नव्हताच. खर्च मात्र ऐपतीएवढा होता, आणि ती गावागावांत थांबत होती. हलकी रेल्वे म्हणजे गरजेच्या मापाने शिवलेले वस्त्र. अर्थात नुसते हलकेपण पुरेसे नाही. मुंबईची मोनोरेल फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली. लोकलच्या व बसच्या जाळ्याशी तिचा सांधा नीट जुळला नाही, म्हणून डबे रिकामे राहिले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणेसाठी सेवाच थांबवावी लागली. तेव्हा रूळ जड असोत वा हलके, उमराठा सोडून निघालेला माणूस सलग प्रवास करू शकतो की नाही, हीच खरी परीक्षा.

आता सर्वांत नवलाची गोष्ट. मिसरोदला रेल्वे नाही असे कोण म्हणतो? भोपाळ–इटारसी लोहमार्गावर मिसरोद नावाचे स्थानक आहे. पलीकडे मंडीदीप, अलीकडे राणी कमलापती. मिसरोद ते राणी कमलापती हे अंतर दहा किलोमीटरच्या आतले, आणि राणी कमलापतीच्या शेजारीच मेट्रोचे स्थानक. रूळ आहेत, फलाट आहे, नाव लिहिलेला फलकही आहे. थांबणाऱ्या गाड्या तेवढ्या मोजक्या. मंडीदीपच्या कारखान्यांकडे सकाळी जाणारा कामगार आणि मिसरोदहून शहरात येणारा विद्यार्थी, दोघांचीही सोय सकाळ-संध्याकाळच्या चार-सहा स्थानिक गाड्यांनी होऊ शकते. मंडीदीपपर्यंत मेट्रो नेण्याच्या गोष्टी अधूनमधून कानी येतात. ती येईल तेव्हा येवो. पहिल्या सात किलोमीटरांना मंजुरीपासून सात वर्षे लागली, हे ध्यानात घेता आमच्या पिढीने त्या आशेवर बसणे म्हणजे वरातीमागून घोडे.

परंतु सर्व दोष शासनाच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. बीआरटीएसचे कठडे तुटू लागले तेव्हा टाळ्या कोणी वाजविल्या? आमच्याच वसाहतींनी. दारात दोन-दोन मोटारी उभ्या, त्यांना मोकळा रस्ता हवा होता. बसमधून जाणारी ती मोलकरीण, तो शिपाई, ती महाविद्यालयीन मुलगी, त्यांच्या वतीने अवाक्षर काढण्याची आम्हांला गरज वाटली नाही. आज पाहावे तर मुले पुणे-बंगळूरला गेली, मोटार दारात उभी आहे, आणि मोतीबिंदूनंतर रात्री ती चालविण्याचे धैर्य कोणाला होत नाही. आपल्या मंडळाच्या सायंकाळच्या व्याख्यानाला मिसरोदकडच्या खुर्च्या रिकाम्या का असतात, याचे कारण वाङ्मयीन अभिरुचीच्या ऱ्हासात शोधू नये. कार्यक्रम साडेआठला संपतो. त्यानंतर परतावे कसे, हे ठाऊक नसल्याने माणूस येतच नाही. ज्या बसची आम्ही पर्वा केली नाही, तिची गरज आता आम्हांलाच लागली आहे. ही शिक्षा योग्यच आहे. पण ती त्या मोलकरणीनेही भोगावी, हे योग्य नाही.

म्हणून आमच्या मागण्या तीनच आहेत, आणि एकीलाही हजार कोटी लागत नाहीत. मिसरोद ते बैरागड या जुन्या मार्गावर रात्री दहापर्यंत दर दहा मिनिटांनी बस, आणि गर्दीच्या वेळी तिच्यासाठी एक मार्गिका मोकळी. मिसरोद ते एम्स पूरक बस, तिचे व मेट्रोचे तिकीट एकच. आणि मिसरोद स्थानकावर सकाळ-संध्याकाळ थांबणाऱ्या स्थानिक गाड्या.

आपल्यातील अनेकांना अर्ज लिहिण्याची, टिपणी करण्याची आणि स्मरणपत्र पाठविण्याची चाळीस वर्षांची सवय आहे. ती निवृत्तिवेतनाच्या थकबाकीपुरती राखून ठेवू नये. पहिला अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. पुढील बैठकीला येणाऱ्यांनी त्यावर सही करावी. आणि ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी न येण्याचे कारण कळवावे. तेही आम्ही अर्जाला जोडू.