दोन तारांची काटकसर

१/ तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांच्या तारखांनी सांगितला जातो. वापराचा इतिहास अलिखितच राहतो. नाशिकच्या अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीत मात्र तो शोधायला हवा. हा धागा त्यातल्या एका पानाविषयी.

२/ इंटेलने १९८० मध्ये ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर आणला. पाय ४०, त्यांपैकी ३२ बाहेरच्या जगाशी व्यवहारासाठी. पण बाहेरची मेमरी जोडली की १६ ते १८ पाय तिच्याच सेवेत जातात. मग बटणे, दिवे, रिले यांना जागा कुठली?

३/ उत्तर सिरियल पोर्टच्या 'मोड शून्य'मध्ये होते. एरवी दुसऱ्या यंत्राशी संवाद साधणारा हा पोर्ट येथे शिफ्ट रजिस्टर बनतो. आरएक्सडी पायावरून बिट एकामागून एक निघतात. टीएक्सडी प्रत्येक बिटाला ठोका देतो. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर आठ बिटांना अवघे ८ मायक्रोसेकंद.

४/ बाहेर ७४१६४ ही चिप ते बिट आठ तारांवर मांडते. तीन चिपा साखळीत जोडल्या की दोन पायांवर २४ तारा, म्हणजे दशांश चिन्हासह तीन अंकी सेव्हन सेगमेंट डिस्प्ले.

५/ ही काटकसर फुकट नव्हती. त्या काळापुरता पोर्टचा संवाद थांबतो. शिवाय बिट सरकताना तारांवर चुकीचे संकेत क्षणभर उमटतात. डोळ्याला ते दिसत नाहीत. थायरिस्टर मात्र फसू शकतो. तेथे लॅच असलेली ७४५९५ लागते.

६/ कल्पना जुनीच. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांच्या कोलोसस यंत्रात, १९४४ मध्ये, निर्वात नळ्यांचे शिफ्ट रजिस्टर होते.

७/ आक्षेप असा की हे सारे डेटाशीटमध्ये आहेच. जुने बोर्ड जपायचे कशाला? पण डेटाशीट काय शक्य होते ते सांगते. बोर्ड काय घडले ते सांगतो. कोणता पाय वाचवला, कोठे मागाहून तार जोडली, हे फक्त बोर्डवरच वाचता येते. तीच अस्सल साधने.

८/ वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे वाचवली नसती, तर कित्येक कागद वाण्याच्या पुड्यांत गेले असते. आजचे दप्तर भंगाराच्या वजनाने विकले जाते. बोर्डच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, रॉमची प्रत आणि तो दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे चार शब्द एवढे तरी जपले पाहिजे. कारागीर निवृत्त झाला की ते वाचणाराही उरणार नाही.