प्रवासी व्यापारी आणि क्रेडिट कार्ड

सोलापूरच्या चादर-टॉवेल व्यापाऱ्यांचा मुंबईप्रवास बहुधा सिद्धेश्वर एक्स्प्रेसने, अथवा १० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालेल्या वंदे भारतने होतो. अशा व्यापाऱ्यास विमानतळावरील विश्रामकक्षाची सवलत देणारे कार्ड फारसे उपयोगाचे नाही. त्याने प्रथम तिकिटे व निवास यांवरील वर्षभराचा खर्च लिहून काढावा आणि त्याच खर्चावर रिवॉर्ड पॉइंट देणारे कार्ड निवडावे.

समजा, वार्षिक खर्च ३ लाख रुपये आणि परतावा १ टक्का आहे. लाभ झाला ३,००० रुपये. वार्षिक शुल्क १,००० रुपये व त्यावरील १८ टक्के जीएसटी वजा जाता १,८२० रुपये उरतात. परंतु हंगामातील ५०,००० रुपयांचे बिल एकच महिना थकले, तर दरमहा ३.५ टक्के दराने व्याज १,७५० रुपये व त्यावर जीएसटी ३१५ रुपये, असे २,०६५ रुपये द्यावे लागतात. वर्षाचा लाभ एका महिन्यात संपतो! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

म्हणून ‘किमान देय रक्कम’ भरून समाधान मानू नये. कार्ड हाती येताच, संपूर्ण बिल देय दिनांकापूर्वी खात्यातून आपोआप वळते करण्याची सूचना बँकेस देऊन ठेवावी.