तुरट, कडवट, आंबूस

बिअरची चव घेणे, दोन बिअरींची तुलना करणे हा छंद आहे. त्याला व्यसन म्हणून नाके मुरडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. आमचे भांडण छंदिष्टांच्या भाषेशी आहे. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली (हे नाव म्हणजे गोऱ्या सोल्जरांच्या तोंडी मोडलेली आपली देवळाली!) आणि तेव्हापासून मराठी रसिक ग्लास उचलून ‘सिट्रसी’, ‘पायनी’, ‘क्रिस्प’ असे पुटपुटू लागला. जन्मात पाइनचे झाड न हुंगलेला माणूस सोलापुरात बसून पाइनचा वास ओळखतो, हे कौतुक की पाठांतर?

याच जिल्ह्यात हुरड्याच्या आगटीभोवती बसलेला शेतकरी सुरती गूळभेंडीहून वेगळी कशी, हे एका घासात सांगतो. कोवळा, निबर, खरपूस, तुरट: शब्द त्याच्या जिभेवरच असतात. यास रसग्रहण म्हणण्याचे आमच्या सुशिक्षितांना सुचत नाही.

बरे, धान्याचे काय? मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ येथलीच; मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आफ्रिकेत ज्वारीला मोड आणून पिढ्यान्‌पिढ्या बिअर करतात. दक्षिण आफ्रिकेची उम्कोम्बोथी दाट, गढूळ, आंबूस असते. हॉप्सचा तिला स्पर्श नाही. कडवटपणा मोजणाऱ्या ‘आयबीयू’च्या पट्टीवर ती सपशेल नापास. उद्या कोणी मालदांडीची बिअर पुढ्यात ठेवलीच, तर आमचे रसिक पहिला घोट घेऊन तिच्यासाठी इंग्रजी विशेषण शोधत बसतील.