दोनशे रुपयांची चिठ्ठी

डिसेंबर लागला की वर्गावर्गांत 'ख्रिसमस फ्रेंड'च्या चिठ्ठ्या निघतात. आपल्या चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची आणि शेवटच्या दिवशी नाव फोडायचं. मजा येते, नाही म्हणत नाही. पण गेल्या वर्षी आमच्या वर्गात नियम झाला की भेट किमान २०० रुपयांची हवी, म्हणजे कुणाला कमीजास्त वाटायला नको. खानापूरकडून रोज बसनं येणाऱ्या, कॉलेज सुटल्यावर दुकानात काम करणाऱ्या एका मित्रानं आपलं नाव काढून घेतलं. विचारलं तर म्हणाला, "त्या दिवशी गावाकडं काम आहे." काम-बिम काही नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

म्हणून यंदा लिहितोय. हा २०० रुपयांचा नियम काढून टाका. त्याऐवजी भेट स्वतःच्या हातानं केलेली असावी, आणि तिच्यासाठी सुईदोरा, खळ, कागद यापलीकडं काही विकत आणायचं नाही, एवढंच ठरवा. ही दुसरी अट मुद्दाम घालतोय. नाहीतर 'हँडमेड' म्हटलं की आपण खडेबाजारात जाऊन ग्लू गन, चमकी, थर्माकोल, सॅटिनच्या रिबिनी असं ३०० रुपयांचं सामान आणतो आणि व्हिडिओ बघून एक वस्तू चिकटवतो. ती वस्तू जानेवारीत कचऱ्याच्या गाडीत जाते. त्यापेक्षा विकतचा मग बरा.

मगावरून आठवलं. गेल्या नाताळात मी आज्जीला तिचाच फोटो छापलेला मग दिला होता. आज्जी चहा पिते बशीतून. बोटं आखडल्यामुळं त्या मगाचा कान तिला धरता येत नाही. "छान आहे रे बाळा," म्हणाली आणि कपाटात ठेवला. आता त्यात माझीच पेनं असतात. चूक पैशाची नव्हती. मी तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं.

भेटी देण्याचा विषय निघाला की चर्चमध्ये हमखास मागी लोकांचं उदाहरण येतं. त्यांनी सोनं, ऊद आणि गंधरस आणला. बरोबर आहे, पण ती माणसं पैसेवाली होती. लूकच्या शुभवर्तमानातले मेंढपाळ रात्री धावत गेले. त्यांनी बाळासाठी काही नेल्याचं तिथं लिहिलेलं नाही. खांद्यावरचं कोकरू आपण नाटकात घातलेलं. मला त्यापेक्षा प्रेषितांच्या कृत्यांतल्या नवव्या अध्यायातली टबीथा जास्त जवळची वाटते. तिलाच दुर्कस म्हणतात. ती यापो गावची, गरिबांसाठी राबणारी. ती आजारी पडून वारली आणि पेत्र आला तेव्हा विधवा बायका त्याच्याभोवती रडत उभ्या राहिल्या आणि दुर्कसनं शिवलेले अंगरखे, कपडे त्याला दाखवू लागल्या. ती किती भली होती यावर कुणाचं भाषण नाही. फक्त कपडे पुढं केले. ज्या बाईनं ते शिवले तिला कुणाच्या अंगावर कपडा नाही हे आधी ठाऊक होतं. नाहीतर ती शिवणार काय?

तर आधी माणूस बघा, मग सुई घ्या. यंदा मी आज्जीला विचारलंच नाही. चार दिवस नुसतं बघत बसलो. तिला मोबाईलवरची नावं दिसत नाहीत, म्हणून ती रोज कुणाला तरी हाक मारून फोन लावून घेते. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड स्केचपेननं अंगठ्याएवढ्या आकड्यांत आठ नंबर लिहिले : आत्याचा, पाळकसाहेबांचा, दवाखान्याचा, असे. तासाभराचं काम, खर्च शून्य. नाताळची वाट न बघता तिनं तो कागद भिंतीवर लावून घेतलाय आणि आता आत्याला दिवसातून दोनदा फोन जातो. आत्याची तक्रार वेगळी.

अक्षर बरं असेल त्यांनी लिहून द्यावं. आपल्या मंडळाला तर हे शोभतंच. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, पण त्या वेळच्या छापील प्रती आज सापडत नाहीत. १९०७ साली मंगळुरात ते पुन्हा छापलं ते लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांवरून. एवढा मोठा ग्रंथ बोरूनं उतरवणारी माणसं होती. आपण निदान २३ वं स्तोत्र मोठ्या अक्षरांत चार पानांवर उतरवून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला देऊ शकतो. सगळ्यांनाच जाड बायबल हातात पेलत नाही.

किंवा घरातल्या फराळाची वही करा. करंजीचं मोहन किती, तर आज्जी सांगते, "मूठ वळली पाहिजे एवढं." ते तसंच, तिच्याच शब्दांत लिहा, ग्रॅममध्ये बदलू नका. ही वही लग्न होऊन बंगळुरूला गेलेल्या बहिणीला पाठवा. तिचा फोन आला नाही तर मला सांगा.

ज्यांना कारागिरीची हौस आहे त्यांनी चांदणी करावी. बांबूच्या दहा कामट्या लागतात. पाच-पाचांच्या दोन चांदण्या बांधायच्या, त्यांची टोकं एकमेकांना दोऱ्यानं आवळायची आणि मधल्या पाच सांध्यांत बोटभर काड्या अडकवायच्या, की तिला पोट येतं. वर पतंगी कागद, मैद्याची खळ. आत एलईडीचा दिवा सोडा, मेणबत्ती नको. पहिली चांदणी वाकडी होते. देऊन टाका.

आता एक आक्षेप मलाही खरा वाटतो. पैसे नसणाऱ्याकडं वेळ तरी कुठं असतो? तो दुकानातून सुटून घरी पोचतो रात्री नऊला. म्हणून मी म्हणतो, चिठ्ठ्या आठवडाभर आधी न काढता १ डिसेंबरलाच काढा. तीन आठवड्यांत एक रविवार कुणालाही मिळेल. आणि वस्तू बाकावर मांडून कुणाची सुंदर हे ठरवायचं, ती जी प्रथा पडलीय, ती बंद. नाहीतर २०० रुपयांच्या जागी कारागिरीची मारामारी सुरू होईल.

यंदा त्या मित्राला मी स्वतः जाऊन सांगितलं की नाव काढू नकोस, आपण नियम बदलायला सांगतोय. तो म्हणाला, "बघू." त्याची चिठ्ठी मला येईलच असं नाही. तरी मी आईच्या दोन जुन्या साड्यांची छोटी वाकळ घालायला घेतलीय. पहाटेच्या बसमध्ये पायांवर घ्यायला होईल, थंडी असते तिकडं. आज्जी शेजारी बसून धावदोरा दाखवते. दादा हसतो. अर्धी झालीय, टाके आळीपाळीनं एकदा मोठे एकदा बारीक पडतायत, आणि आज्जीनं दोनदा उसवायला लावलंय.